तडकलेले रूळ

आर्क्टिकमधल्या इग्लूलिक गावात कोणी कोणाला सल्ला देत नाही, फक्त येऊन चहा पितात. पॉलूसीच्या स्नोमोबाईलचा, म्हणजे बर्फावरच्या गाडीचा, पट्टा ज्यांवरून सरकतो ते आतले दोन्ही रूळ तडकले होते. ते त्याने स्वयंपाकघरात आडवे टाकले होते आणि शेजारी त्यांना ओलांडून ये-जा करत होते. बायको गेल्यापासून त्याला धड दुःखही होत नव्हतं.

मग कूनूआत्या आली.

"काय ठरवलंस रे?"

"नवेच मागवतो."

"विमानाने येईस्तोवर समुद्रावरचा बर्फ फुटेल."

"हो."

"म्हणजे शिकारीला जायला नको."

"हो," तो म्हणाला. त्याला तेच हवं होतं.

आत्याने समजावलं नाही. चहात बिस्कीट बुडवत ती भिंतीला म्हणाली, "मला बाई ताज्या सीलची कलेजी खावीशी वाटतेय. दात गेले, जीभ आहे ना अजून!"

म्हातारं माणूस खायला मागतं तेव्हा इथे कोणी नाही म्हणत नाही, हे आत्याला पक्कं ठाऊक होतं. पॉलूसीला बरं वाटलं नाही, वाईटही नाही. तडा पुढे सरकू नये म्हणून त्याच्या टोकाला भोक पाडायचं होतं, वर धातूची पट्टी आवळायची होती. तो उठून ड्रिल शोधू लागला.