टेन्शनभाऊ आणि एकच जागा

वाईट बातमी येण्याआधीच घाबरून घ्यायची त्याला सवय होती. आभाळ लख्ख असलं तरी विचारायचा, "रस्ता बंद झाला त मंग?" मुलचेऱ्याच्या सरकारी दवाखान्यात सगळे त्याला टेन्शनभाऊ म्हणत. तिथल्या लॅबमध्ये आम्ही दोघे कंत्राटी तंत्रज्ञ. कायम होणार होती ती एकच जागा.

त्यामुळे सुरुवातीला आमचं जमलंच नाही. मलेरियासाठी रक्ताची स्लाइड मी तपासून ठेवली की तो ती पुन्हा मायक्रोस्कोपखाली घ्यायचा. हा माझ्या चुका गोळा करतोय, अशी माझी खात्री झाली. एकदा सरळ विचारलं, "काऊन? माझ्यावर भरोसा नाई काय?"

"तुमच्यावर आहे जी. मी माझ्याबी दोनदा पाहतो. आपल्या हातून एखाद्याचं लेकरू सुटलं त?"

मग त्या पावसाळ्यात मीच तापाने पडले. माझी स्लाइड त्यानेच पाहिली. सिस्टरबाई सांगत होत्या, तो मायक्रोस्कोपवरून उठेचना. मलेरियाच निघाला होता. माझ्या खाटेपाशी येऊन उभा राहिला, पण रिपोर्ट काही सांगेना. "तुमी बऱ्या व्हा," एवढंच म्हणाला, "ते जागा तुमालेच भेटू दे." मी तोंड भिंतीकडे वळवलं. डोळे भरून आले होते.

बरी झाल्यावर भांडणं चालूच राहिली, पण डबे एकत्र उघडू लागले. तो सुट्टीवर गेला की आता मलाच काळजी लागायची, वाटेत गाडी तर बंद पडली नसेल?

जागा मला मिळाली. त्याचं कंत्राट संपलं, आणि ब्रह्मपुरीच्या एका खासगी लॅबमध्ये त्याला काम मिळालं. तिकडे जाण्याआधी तो माझ्या गावी, सावलीला, बाबांशी लग्नाचं बोलायला आला. बाबांनी आडपडदा न ठेवता विचारलं, "पोरीची नोकरी पक्की, तुमची नाई. वरून आमी बौद्ध. तुमच्या घरी चालते काय?"

तो म्हणाला, "नाई चालत, काका. मले त्याचं भेव वाटते. पण हिच्याबिगर राहाचं त्याहून जास्त वाटते."

त्याचे आईवडील धानाची शेती करणारे, साधे लोक. ते शेवटपर्यंत कबूल झाले नाहीत. गडचिरोलीच्या नोंदणी कार्यालयात आमचं लग्न होतं, आणि आई येईल म्हणून तो सारखा दाराकडे पाहत होता. साहेबांनी कागद पुढे सरकवला. त्याने पेन उचललं आणि पुन्हा दाराकडे पाहिलं. मी त्याचा हात धरला नाही. सही करायची की थांबायचं, हे त्याचं त्यानेच ठरवायचं होतं.

त्याने सही केली. दुसऱ्या दिवशी ब्रह्मपुरीच्या गाडीत चढताना म्हणाला, "आईले रोज फोन करीन. उचलला नाई, तरी करीन."

अजूनही संध्याकाळी तो आईला फोन लावतो, आणि तिकडे तो नुसता वाजून थांबतो. मग तो मला लावतो, आणि मी पहिल्याच रिंगला उचलते.