बेड नंबर सातचं सॅलड ड्रेसिंग

ट्रे पुन्हा तसाच परत आला. दोन उकडलेली अंडी, मऊ खिचडी, पेलाभर दूध. दुधावर साय धरली होती. अंड्याला चमचा लागल्याची खूणसुद्धा नव्हती.

मी ट्रे टेबलावर ठेवतेय तोच डॉक्टर गोडबोले किचनच्या दारात येऊन उभे राहिले. सर्जन माणूस सहसा किचनकडे फिरकत नाही.

"रेजिना, सातनंबरचं वजन बघितलंस?"

"बघितलं सर. आणखी उतरलंय."

"सोमवारी मला ग्राफ्ट करायचंय. हा माणूस असाच उपाशी राहिला तर मी लावलेली कातडी धरणार नाही. शुक्रवारपर्यंत त्याला खायला लाव. नाही तर पुन्हा नळी."

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. वसईच्या एका मिशन हॉस्पिटलात मी डाएटिशियन होते. डाएटिशियन म्हणजे कोणत्या पेशंटने काय, किती आणि कसं खायचं हे ठरवणारी बाई. आमच्याकडे हे पद नवीनच होतं. लोक मला सरळ 'किचनवाली मिस' म्हणत.

सातनंबरचा पेशंट ग्रीक होता. नाव स्टाव्रोस, वय पस्तिशीचं. वसई पूर्वेच्या एका कारखान्यात परदेशी मशीन बसवायला आलेला मेकॅनिक. काम चालू असताना वाफेच्या पाइपचा जोड सुटला आणि त्याचा उजवा हात, खांदा आणि छाती भाजली. पहिले काही दिवस त्याला मुंबईला हलवण्यासारखी अवस्था नव्हती. नंतर गोडबोले डॉक्टरच म्हणाले, "आता इथेच करू."

भाजलेल्या माणसाच्या अंगातून प्रोटीन सतत वाहून जातं. त्याला एरवीपेक्षा जवळजवळ दुप्पट प्रोटीन पोटात जावं लागतं. ग्राफ्ट म्हणजे मांडीची पातळ कातडी काढून जखमेवर लावायची. ती धरायला आतून ताकद लागते. ती ताकद सलाइनमधून येत नाही, जेवणातून येते. नळी म्हणजे नाकातून पोटात घातलेली रबरी नळी. ती त्याने एकदा डाव्या हाताने उपटून टाकली होती आणि तेव्हा नाकातून बरंच रक्त गेलं होतं.

मी तोपर्यंत त्याला सूप दिलं होतं, कस्टर्ड दिलं होतं, मसाला न घातलेलं चिकन दिलं होतं. पुस्तकात लिहिलेलं सगळं दिलं होतं. तो मान भिंतीकडे वळवायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डची आयाबाई हिराबाय मला शोधत आली. पाचूबंदरची कोळीण, स्पष्ट बोलणारी.

"बाय, तो गोरा येडा झाला काय? सकालपासून लादी लादी करते. मी दोनदा फिनेल टाकून लादी पुसली. तरी आपला लादी!"

मी वॉर्डात गेले. तो उठून बसला होता. मला बघून म्हणाला, "लादी. लेमोनी." मग डाव्या हाताने बाटली ओतल्यासारखं केलं. मग मूठ आवळून लिंबू पिळल्यासारखं केलं.

लेमोनी म्हणजे लिंबू. मग ओततोय ते काय? मी एक्स-रेचं रिकामं पाकीट आणि पेन्सिल पुढे केली. त्याने डाव्या हाताने वाकडीतिकडी फांदी काढली, तिला लांबट पानं आणि छोटी फळं. फळाखाली एक थेंब.

लादी म्हणजे तेल. ऑलिव्हचं तेल.

मग तो भराभर बोलू लागला. त्यातले 'सलाड' आणि 'टोमॅटो' एवढेच शब्द मला कळले. शेवटी बोटं एकमेकांवर चोळून त्याने नाकाशी नेली आणि म्हणाला, "रीगानी." रीगानी म्हणजे ओरेगॅनो, एक वासाचा पाला, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा फक्त वासाचं काहीतरी आहे एवढंच समजलं.

मला स्वतःचीच लाज वाटली. इतके दिवस मी त्याला काय द्यायचं ते ठरवत होते. तू घरी काय खातोस, हे त्याला विचारलंच नव्हतं.

डॉक्टरांना ऑपरेशन थिएटरबाहेर गाठलं.

"सॅलड? कच्चं?" ते थांबलेसुद्धा नाहीत. "अजिबात नाही. कच्च्या भाजीवर जंतू असतात. धडधाकट माणसाला काही होत नाही, पण भाजलेल्याच्या जखमेत ते शिरले तर आपण त्याला घालवून बसू."

"सॅलड नको सर. फक्त सॅलडवरचं ड्रेसिंग. तेल, लिंबू, लसूण. उकडलेल्या माशावर आणि बटाट्यावर घालीन. त्याला वास ओळखीचा वाटला तर मासा खाईल."

ते थांबले. "सगळं उकळलेलं, भाजलेलं. आदल्या दिवशी तू स्वतः खायचंस. आणि जे जे करशील ते रजिस्टरमध्ये लिहायचं."

आज ऑलिव्ह ऑइल किराणा दुकानात मिळतं. तेव्हा ते केमिस्टकडे मिळायचं, बाळाच्या मालिशसाठी आणि कानात घालायला. मी पारनाक्यावरच्या केमिस्टकडे गेले. त्याने दोन प्रकारच्या बाटल्या काढल्या. एकीवर 'फक्त बाहेरून लावण्यासाठी' असं छापलेलं, तिला सुगंध होता. दुसरी साधी, बी.पी. लिहिलेली, म्हणजे औषधाच्या पुस्तकातल्या शुद्धतेच्या मापाला उतरलेली.

"ही पोटात चालेल?"

"आमच्याकडे म्हातारी माणसं पोट साफ व्हायला घेतात," तो म्हणाला. "पण मिस, तुम्ही कशात घालणार?"

"माशावर."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं आणि बाटल्या कागदात गुंडाळल्या. तसल्या तीनच होत्या, हाताच्या बोटाएवढ्या. पुढचा माल केव्हा येईल ते त्याला सांगता येत नव्हतं.

हॉस्पिटलच्या किचनमध्ये संध्याकाळी साठ पेशंटांचा स्वयंपाक असायचा. प्रयोगाला जागा नव्हती. म्हणून मी सामान घेऊन पापडी गावातल्या माझ्या घरी आले.

जाण्याआधी वॉर्डात एक काम उरकलं होतं. किचनमधून पुदिना, ओवा, तुळस, कसुरी मेथी असं सगळं कागदाच्या पुड्यांत नेलं आणि एकेक त्याच्या नाकाशी धरलं. नाही. नाही. नाही. ओव्याला मात्र त्याने भुवया उंचावल्या, मग हात हलवला. जवळपास, पण हे नव्हे. हॉस्पिटलच्या विहिरीपाशी पानओवा लावलेला होता. जाड, लवदार पान, पोरांना खोकल्यावर देतात ते. त्याचं एक पान चुरून दिलं. तो बराच वेळ हुंगत राहिला. मग हाताचा पंजा डावीउजवीकडे हलवला. म्हणजे अगदी तेच नाही, पण चालेल.

घरी आय, म्हणजे माझी आई, ओट्यापाशी उभी राहून बघत होती.

"कानात घालायचं तेल तू पेशंटला खायला देणार?"

"तुलाही देणार आहे. आधी आपण दोघी खाणार."

"देवा येजू," आय म्हणाली आणि स्टूल ओढून बसली.

कॉलेजात आम्ही फ्रेंच ड्रेसिंग शिकलो होतो, शेंगदाण्याच्या तेलात. सूत्र एवढंच, तेल तीन भाग, आंबट एक भाग. मी पहिली बाटली उघडली, जॅमच्या उकळलेल्या बाटलीत तेल आणि लिंबाचा रस घालून जोरात हलवलं. दोन मिनिटं छान ढगाळ दिसलं. मग तेल वर, रस खाली. चव घेतली तर आमच्या वाडीतल्या लिंबाने जीभ आखडली. पुस्तकातलं लिंबू बहुतेक परदेशातलं होतं.

तेल आणि पाणी एकजीव होत नाही. दोघांना धरून ठेवणारं तिसरं काहीतरी लागतं. मोहरीची पूड ते काम करते. मी वाटीत चिमूटभर पूड, उकडून ठेचलेली लसूण, मीठ आणि थोडाच रस घेतला. मीठ आधी रसात विरघळवायचं, तेलात ते विरघळत नाही. मग आधीचं फाटलेलंच मिश्रण काट्याने फेटत थेंब थेंब त्यात सोडलं. घाई केली की फाटतं. वरून दुसरी बाटली, तशीच थेंबाथेंबाने. हात भरून आला. आय म्हणाली, "आण इकडे," आणि वाटी मांडीत घेऊन फेटायला लागली. हळूहळू ते दाट, पिवळसर झालं आणि तसंच राहिलं.

पानओवा उकळत्या पाण्यात बुडवून, तव्यावर कडक करून, चुरून घातला. आम्ही ते पावाला लावून खाल्लं. आय म्हणाली, "वाईट नाही. पण माशाला हळद हवी."

सकाळपर्यंत दोघी ठणठणीत होतो. बुधवारी दुपारी मी स्वतः ट्रे घेऊन वर गेले. उकडलेला रावस, कुस्करलेला बटाटा, वर चार चमचे ड्रेसिंग, बाजूला पाव.

त्याने वास घेतला आणि काही क्षण डोळे मिटून बसला. मग काटा उचलला. डाव्या हाताने खाताना मासा दोनदा चादरीवर पडला, तोही त्याने उचलून खाल्ला. बशी पावाने पुसली. मग मोहरीच्या पिवळ्या रंगाकडे बोट दाखवून नाक मुरडलं आणि मान हलवली. हे त्यात नसतं, असं त्याचं म्हणणं. अकरा दिवसांत त्याने जेवणाबद्दल केलेली ती पहिली तक्रार होती. मला बरं वाटलं.

रात्री त्याने दोन अंडी खाल्ली. गुरुवारी नाश्ता आणि दुपारचं जेवणही पूर्ण.

गुरुवारी चार वाजता त्याला थंडी वाजून ताप आला. एकशेतीन.

मॅट्रन सिस्टर आग्नेस रजिस्टर घेऊन माझ्यासमोर आल्या. शिस्तीच्या बाई, आवाज कधी चढत नसे. त्या दिवशीही चढला नाही.

"इथे लिहिलंय ड्रेसिंग, चार चमचे. हे काय आहे?"

मी सांगितलं.

"घरून आणलंस?"

"हो सिस्टर. डॉक्टरांना विचारून."

"दोन दिवसांत नवीन गोष्ट एवढी एकच झालीय, रेजिना." त्यांनी रजिस्टर मिटलं. "डॉक्टर येईपर्यंत त्याच्या तोंडात काही जाणार नाही."

डॉक्टर विरारला होते. फोन लागायलाच वीस मिनिटं गेली. ते यायला तास लागणार होता.

मी किचनमध्ये बसून एकेक पायरी आठवायला लागले. तेल सीलबंद होतं. बाटली उकळली होती. लसूण उकडली होती. लिंबू कापण्याआधी गरम पाण्यात टाकलं होतं. पान तव्यावर भाजलं होतं. पण भाजलेलं पान चुरलं ते हातांनी. त्याआधी मी हात धुतले होते का? बुधवारी पहाटे ताजं पान चुरलं तेव्हा धुतल्याचं आठवत होतं. गुरुवारचं आठवत नव्हतं. कितीही ताण दिला तरी आठवेना.

आयने गुरुवारी सकाळी त्याच वाटीतलं खाल्लं होतं. घरी फोन नव्हता. मी हिराबायला सांगून सायकल काढली. पापडीपर्यंत कुठेही न थांबता पायडल मारलं. आय वाडीत केळींना पाणी सोडत होती.

"आय, पोट बरं आहे? ताप, उलटी?"

"मला काय धाड भरलीय? आणि तू भर ड्युटीत इथे कशी?"

मी तशीच वळले.

परत आल्यावर रजिस्टर उघडलं आणि सगळं लिहून काढलं. कृती, वेळा, कोणी कोणी खाल्लं आणि आय ठणठणीत आहे ते. शेवटी एक ओळ लिहिली. 'गुरुवारी पान चुरण्यापूर्वी हात धुतल्याचे आठवत नाही.' ती ओळ लिहिताना नोकरी गेलीच असं मी धरून चालले होते. ती न लिहिण्याचा विचार मनात आला नाही असं म्हणणार नाही. आला होता.

डॉक्टर आले, उभ्याउभ्याच त्यांनी ते पान वाचलं. मग मला विचारलं, "जुलाब? उलटी? पोट फुगलंय?"

"काहीच नाही सर."

"सिस्टर, हाताचं ड्रेसिंग सोडा."

जखमेवरची पट्टी म्हणजे खरं ड्रेसिंग. ते सोडवताना स्टाव्रोस दात आवळून कण्हत होता. मी दाराशी उभी होते. शेवटचा थर निघाला आणि मला तिथपर्यंत वास आला. कोपराच्या मागच्या बाजूला, जिथे हात गादीला टेकायचा, तिथे हिरवट पू साचला होता.

"हे दोन दिवसांचं नाही," डॉक्टर म्हणाले. "हे आत आधीपासून शिजत होतं. आपण वरून चांगलं दिसतंय म्हणून समाधान मानत होतो." त्यांनी अँटिबायोटिक बदललं, पट्टी दिवसातून दोनदा बदलायला सांगितली, ग्राफ्ट आठवडाभर पुढे ढकललं. मग माझ्याकडे वळले.

"तुझी आईही तेच खाऊन ठणठणीत आहे हे तू लिहिलं नसतंस तर मी आधी पोटाकडे बघत बसलो असतो, आणि आजची रात्र त्यात गेली असती. ड्रेसिंग चालू ठेव. तुझं. आणि हात धू."

दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा हॉस्पिटलच्या किचनमध्ये ओट्याशेजारी सिस्टर आग्नेसनी नवा साबण आणि नखं घासायचा ब्रश ठेवलेला होता.

तिसरी बाटली रविवारी संपली. कारखान्याच्या मॅनेजरने मुंबईहून ऑलिव्ह ऑइलचा डबाच मागवला. मी मोहरी कमी केली, पण पूर्ण काढली नाही. काढली की फाटायचं, आणि फाटलेलं मला पाठवायचं नव्हतं. यावरून आमचं रोज खुणांनी भांडण व्हायचं. वजनाचा काटा आधी थांबला, मग थोडा वर सरकला.

ग्राफ्टनंतर पाचव्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी उघडली. मला मुद्दाम बोलावलं होतं. कातडी गुलाबी दिसत होती. एका कडेला नाण्याएवढा तुकडा काळा पडला होता, बाकी सगळी बसली होती.

"धरली," डॉक्टर म्हणाले आणि हात धुवायला गेले.

दीड महिन्याने स्टाव्रोस आपल्या पायांनी चालत गाडीत बसला. जाताना त्याने हिराबायचा हात हातात घेऊन बराच वेळ ग्रीकमध्ये काहीतरी सांगितलं. तीही त्याला कोळी भाषेत उत्तरं देत होती. दोघांना काय कळलं ते त्यांनाच ठाऊक.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी प्रत्येक नव्या पेशंटला पहिला प्रश्न एकच विचारला, घरी काय खाता? बहुतेक जण म्हणतात, "काहीही चालतं." ते खरं नसतं. दुसऱ्यांदा विचारावं लागतं.