सरळ जा, मग डावीकडे

आमच्या घरात 'कृपा' हा शब्द कोणी वापरत नसे. नागपूरच्या घरी भिंतीवर दोन तसबिरी होत्या, रोज संध्याकाळी मेणबत्ती लावून वंदना व्हायची, पण मागणं काही नसायचं. "वंदना म्हणजे अर्ज नव्हे," असं बाबा म्हणायचे. ते शाळेत भूगोल शिकवत. नवस, अंगारा, दृष्टांत अशी गोष्ट कोणी काढली की ते चष्मा पुसायला घ्यायचे, आणि चष्मा पुसून होईपर्यंत विषय बदललेला असायचा. अशा बापाची मी मुलगी. त्यामुळे त्या दिवशी शिकागोत जे घडलं त्याला काय म्हणावं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. घडलं तसं सांगते, नाव ज्याचं त्याने द्यावं.

बाबा गेले तेव्हा मी ॲन आर्बरला होते. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नोकरी नुकतीच लागली होती आणि पासपोर्ट व्हिसाच्या कामात अडकला होता. अंत्यसंस्काराला जाता आलं नाही, पुढे पुण्यानुमोदनालाही नाही. त्या दिवशी भावाने मंडपात माझ्यासाठी फोन धरून ठेवला होता. भन्तेजी काय म्हणत होते ते मला कळलं नाही, जवळच्या टेबलफॅनचा आवाज तेवढा ऐकू येत राहिला. बाहेर बर्फ पडत होता. मी फोन कानाला लावून स्वयंपाकघरात उभी होते, आणि शेवटी लाइन कट झाली.

वसंत आला तेव्हा आई आमच्याकडे आली. विमानतळावर तिला पाहून मला रडू फुटलं, ती मात्र माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली, जणू माझंच कोणी गेलं होतं आणि ती भेटायला आली होती. घरी गेल्यावरही ती तशीच. पोळ्या करायची, कपड्यांच्या घड्या घालायची, खिडकीतून समोरच्या बसस्टॉपकडे बघत बसायची. बाबांचं नाव निघालं की उठून ओटा पुसायची. आणि चहात साखर घेत नव्हती. नागपूरला सकाळचा चहा बाबा करायचे, तिच्या कपात एक चमचा जास्तच घालायचे, आणि ती रोज "केवढा गोड केला" म्हणून कुरकुरत पूर्ण कप प्यायची. माझा नवरा मिलिंद याने एकदा नकळत तिच्या चहात साखर घातली. एक घोट घेऊन तिने कप बाजूला ठेवला. भावाने फोनवर सांगितलं होतं की आई अजून रडलेली नाही. मला तिची भीती वाटू लागली होती. माणूस आतल्या आत असा किती दिवस टिकतो?

तिने आमच्याकडे एकच गोष्ट मागितली. बुद्धपौर्णिमा जवळ आली तेव्हा म्हणाली, "इथं विहार कुठं आहे?" मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी बसमध्ये विंगला विचारलं. विंग हाँगकाँगचा, आमच्याच प्रयोगशाळेत होता, आणि आम्ही रोज एकाच बसने कामाला जायचो. त्याची मावशी पूर्वी शिकागोच्या चायनाटाउनमध्ये राहायची आणि तिथल्या एका छोट्या बुद्धमंदिरात जायची. पत्ता त्याला आठवत नव्हता. "तिथे कोणालाही विचारा," म्हणाला, "पण म्हाताऱ्यांना विचारायचं तर कँटोनीजमध्ये विचारा." मग आठवडाभर येता-जाता बसमध्ये माझी शाळा भरली. 'म्म-गोय' म्हणजे कृपा करून. 'हाय पिन तो' म्हणजे कुठे आहे. 'चिक हांग' सरळ जा, 'च्युन चो' डावीकडे वळा, 'च्युन याउ' उजवीकडे. तो भाषेचे चढउतार हाताने हवेत काढून दाखवायचा आणि माझ्या उच्चारांवर मागच्या सीटवरची मुलं हसायची. रंग, आई-वडील, कपडे असे काही सुटे शब्दही त्याने शिकवले. शाळेत भूगोलातल्या दिशाही मला कधी इतक्या लवकर पाठ झाल्या नव्हत्या.

पौर्णिमेच्या दिवशी आम्ही पहाटे गाडी काढली. आईने पांढरी साडी नेसली होती. आमच्याकडे वंदनेला, विहारात जायला बायका पांढरीच साडी नेसतात, त्यात वेगळं काही नाही. आधी शिकागोतल्या भारतीय दुकानांच्या रस्त्यावर, डेव्हन ॲव्हेन्यूवर जाऊन मेणबत्त्या घेतल्या, डाळ-तांदूळ घेतले. मिलिंदने मिठाईच्या दुकानातून पेढे घेतले, आईने मानेनेच नको म्हटलं. मग चायनाटाउनला गेलो. रविवारची गर्दी, पार्किंग मिळेना, तेव्हा मिलिंदने आम्हा दोघींना एका चौकात सोडलं आणि तो जागा शोधायला पुढे गेला. कोपऱ्यावरच्या दुकानात मंदिराचं विचारावं म्हणून मी आत शिरले. आईला म्हटलं, "तू इथंच सावलीत थांब." काउंटरवरच्या मुलीला मंदिर माहीत नव्हतं. तिने आत कोणाला तरी हाक मारली, त्यांनाही नव्हतं. मी बाहेर आले तर आई नव्हती.

आधी वाटलं शेजारच्या दुकानात असेल. मग पलीकडच्या. मग रस्त्याच्या त्या बाजूला. आईजवळ फोन नव्हता, आमचा पत्ता नव्हता, मराठी आणि कामापुरती हिंदी सोडून तिला भाषा येत नव्हती. तिची पर्सही माझ्याच हातात होती. मिलिंदला फोन केला तर तो म्हणाला, "तू घाबरू नको यार, शोधत राहा. मी पोलिसांना कॉल करतो." घाबरू नको म्हणणं सोपं असतं. एक गेला तेव्हा पोहोचले नाही, आणि दुसरी माझ्या डोळ्यांसमोरून गेली, एवढंच डोक्यात फिरत होतं. इंग्रजीत ज्याला विचारावं तो मान हलवून पुढे जायचा.

एका गल्लीच्या तोंडाशी म्हातारे गृहस्थ टेबल टाकून पटावर खेळत बसले होते. बाबांचं एक बोलणं मला तेव्हा आठवलं. आयुष्यभर नकाशे शिकवलेला हा माणूस नव्या गावात उतरला की आधी रस्त्यावरच्या माणसाला गाठायचा. "नकाशा गावापर्यंत नेतो, घरापर्यंत माणूसच नेतो," म्हणायचा. मी त्या म्हाताऱ्यांपुढे उभी राहिले आणि बसमध्ये शिकलेले शब्द जसे आठवले तसे ठेवले. "म्म-गोय. आ मा. पाक सिक साम. हाय पिन तो?" कृपा करून, आई, पांढरे कपडे, कुठे आहे.

खेळ थांबला. कोणी हसलं नाही. एकाने दुसऱ्याकडे पाहिलं, आणि टोपी घातलेल्या आजोबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "पाक सिक," ते हळूच म्हणाले. मग उठले, रस्त्याच्या कडेपर्यंत आले आणि समोर हात केला. "चिक हांग." नंतर स्वतःच सबंध डावीकडे वळून दाखवलं. "च्युन चो." मला त्या क्षणी डावं-उजवं आठवलंही नसतं, पण त्यांची पाठ पाहून कळलं. मी हात जोडले. त्यांनीही मान खाली घातली.

पुढच्या वळणावर भाजीवालीला तेच शब्द म्हटले. तिने हातातली भाजी टोपलीत ठेवली, ओले हात ॲप्रनला पुसले आणि माझा दंड धरून चार पावलं बरोबर आली. काहीतरी समजावत होती, आवाज अगदी खाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. हे लोक मला कुठे पाठवत होते? आईला काही झालंय आणि सगळ्या गल्लीला ते ठाऊक आहे, असं वाटलं. परत फिरावं, पोलिसांची वाट बघावी, असं मनात आलं. पण ती बाई हात करून उभीच होती, आणि मला दुसरी वाट माहीत नव्हती. खरं सांगायचं तर त्यापुढे मी विचार केला नाही. दाखवलेल्या दिशेला चालत गेले.

एका इमारतीच्या दारात पांढऱ्या फुलांची मोठी चक्रं ठेवली होती. आत जिना होता. वरून घंटेचा आणि लाकूड ठोकल्यासारखा आवाज येत होता. हॉलमध्ये एका वृद्ध गृहस्थाचा हार घातलेला फोटो होता, समोर बुद्धमूर्ती, उदबत्त्या, आणि घरची माणसं काळ्या कपड्यांवर पांढऱ्या पट्ट्या बांधून बसली होती. एक भिक्खुणी सूत्रपठण करत होत्या. आणि पहिल्या रांगेत, एका म्हाताऱ्या चिनी बाईचा हात हातात घेऊन, माझी आई बसली होती. ती रडत होती. ओठ हलत होते. जवळ गेल्यावर ऐकलं तर ती आपलं त्रिशरण म्हणत होती, त्यांच्या पठणाला आपला सूर लावून. तिला पाहून माझा जीव भांड्यात पडला आणि मी तिथेच जमिनीवर बसले.

"काहून घाबरली एवढी?" आईने डोळे न पुसताच विचारलं. "मी तं इथंच आहे. या बाईने माझ्याकडे बघून हात जोडले, मीही जोडले. मला वाटलं विहार दाखवते."

गेलेल्या गृहस्थांची मुलगी माझ्याच वयाची होती, तिथेच वाढलेली. तिने मला हळू आवाजात इंग्रजीत उलगडा केला. त्यांच्यात पांढरं हे शोकाचं वस्त्र. आईजवळ बसलेली म्हातारी बाई तिची आत्या, ती पाहुण्यांना वाट दाखवायला चौकात उभी होती. अंगभर पांढरं नेसलेली बाई रस्त्यात एकटी दिसली, तेव्हा तिने मानलं की ही भावाच्या ओळखीची, शोक करायलाच आली आहे, आणि हाताला धरून वर आणलं. मलाही गल्लीतल्यांनी त्यासाठीच इकडे पाठवलं होतं. मुलगी ओशाळली होती, "आय ॲम सो सॉरी, आमची मोठी चूक झाली," असं पुन्हा पुन्हा म्हणत होती. मी तिला सांगितलं की चूक झालेली नाही. माझे वडील या हिवाळ्यात गेले, आईने त्यानंतर आज पहिल्यांदा डोळ्यांतून पाणी काढलंय, आणि मी त्यांच्या पुण्यानुमोदनाला पोहोचू शकले नव्हते. तिने पुढे जाऊन भिक्खुणींच्या कानात काही सांगितलं आणि परत येऊन बाबांचं नाव विचारलं. थोड्या वेळाने त्या परक्या पठणात, मोडक्या उच्चारात, मी माझ्या वडिलांचं नाव ऐकलं. टेबलफॅनचा आवाज मध्ये नव्हता.

मिलिंदला फोन करून आई सापडल्याचं पोलिसांना कळवायला सांगितलं. निघताना दारात प्रत्येकाला एक छोटं पांढरं पाकीट देत होते, आत एक गोळी होती, लिमलेटच्या गोळीसारखी. आईने ते माझ्या हातातल्या पर्समध्ये ठेवलं, घरी न्यायला. विहारातून मिळालेली गोष्ट घरी नेऊन सगळ्यांना वाटायची, ही तिची सवय. ती मुलगी धावत आली. म्हणाली, हे घरी नेत नाहीत. घरी पोहोचायच्या आधी खायचं असतं, तोंडातला कडूपणा इथेच संपावा म्हणून. मी आईला मराठीत सांगितलं. ती गोळीकडे बराच वेळ बघत राहिली. मग कागद सोडवला आणि गोळी तोंडात टाकली.

जे विहार शोधायला आलो होतो ते त्या दिवशी सापडलं नाही, आम्ही पुन्हा शोधलंही नाही. चौकाकडे परतताना एक वृद्ध जोडपं हातात फुलं घेऊन गोंधळून उभं होतं. आईची पांढरी साडी पाहून ते थेट तिच्याकडेच आले आणि काहीतरी विचारलं. शेवटचे शब्द तेवढे मला कळले, 'हाय पिन तो'. मी तोंड उघडायच्या आत आईने आलेल्या वाटेकडे हात केला, आणि त्या आजोबांसारखीच सबंध वळून दिशा दाखवली. शब्द मी पुरवले.

कृपा म्हणजे काय ते मला आजही माहीत नाही, आणि बाबांना पटेल असं काही माझ्याजवळ नाही. साडी पांढरी होती आणि लोक भले होते, एवढाच त्याचा अर्थ असेल. पण लहानपणापासून रोज 'शरण जाते' म्हणत आले, त्यात 'जाते' हा शब्द आहे हे मला त्या गल्लीत कळलं. भाषा कळत नाही, पुढे काय आहे ते दिसत नाही, आणि तरी दुसऱ्याने दाखवलेल्या दिशेला पाऊल टाकायचं. ज्यांची नावंही मी विचारली नाहीत त्या सगळ्यांची, टोपीवाल्या आजोबांची, भाजीवालीची, त्या आत्याची, मी दर पौर्णिमेला मेणबत्ती लावताना आठवण काढते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ॲन आर्बरला मी नेहमीसारखा आईला बिनसाखरेचा चहा दिला. तिने एक घोट घेतला आणि कप माझ्याकडे सरकवला. "साखर टाक," म्हणाली. "एक चमचा जास्तच टाक."