दादा घेतो, असं मी म्हणाले

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही माझ्या दादाला ओळखत नाही — आणि ओळखत असता, तर कदाचित जीभ रेटलीच नसती.

दादा रेणापूरला शाळेत गणित शिकवायचा. साधी सुपारीसुद्धा खात नव्हता. विनोद सांगायच्या आधी स्वतःच हसत सुटायचा, मग विनोद राहूनच जायचा. मला अपूर्णांक त्यानं भाकरीचे तुकडे करून शिकवले — चुकलं की तो तुकडा तोच खायचा.

आधी त्याचा एक डोळा धूसर झाला. आपोआप बरा झाला, म्हणून आम्ही विसरलो. मग उजवा पाय ओढायला लागला. लातूरला एमआरआय झाला आणि डॉक्टरांनी नाव सांगितलं — मल्टिपल स्क्लेरोसिस. मला ते दादानंच समजावलं, वहीच्या मागच्या पानावर. नसांवर एक आवरण असतं, आपलंच शरीर ते कुरतडतं, मग मेंदूचा निरोप पायापर्यंत धड पोचत नाही. एक दिवस चांगला जातो, दुसऱ्या दिवशी शर्टाची बटणं लावताना दम लागतो. उन्हात तर जास्तच. उन्हाळाभर मानेवर ओला टॉवेल टाकून तो वर्गात उभा राहायचा.

त्याच उन्हाळ्यात नांदेडचे पाहुणे मला बघायला आले. आजाराचं बाहेर बोलायचं नाही, असं घरात ठरलं होतं. दादा भर दुपारी चौकातून बर्फ घेऊन आला आणि उंबऱ्यातच झोकांडला. भिंतीला धरून उभा राहिला. जीभही जड झाली होती. बैठकीतल्या पाहुण्यांनी एकमेकांकडं बघितलं.

आतल्या खोलीत नणंदेनं — म्हणजे तेव्हा व्हायच्या नणंदेनं — मला हळूच विचारलं, "तुमचे भाऊ घेतात का हो?"

नाही म्हणायला किती वेळ लागतो? पण नाही म्हटलं, तर पुढचा प्रश्न येणार — मग झालंय काय? आणि आजार म्हटलं की घराण्यात आहे का, लेकरांत उतरेल का... मला तो मुलगा आवडला होता.

"हाव," मी म्हणाले. "कधीमधी घेतो. सोडवायलोत आम्ही."

वळले, तर दारात दादा. हातात पाण्याचा तांब्या. त्यानं तो खाली ठेवला — किती जपून ठेवला — आणि गेला. सोयरीक जमली. लग्नात माझ्यापेक्षा तोच जास्त रडला.

बारशाला सासऱ्यांनी माझी लेक त्याच्या हातात दिली नाही. "राहू द्या मास्तर, पडंल." मी बघत होते. पुढं त्याच्या हातात काठी आली, मग चाकाची खुर्ची. आजाराचं नाव सासरी कळलं, तेव्हा वाटलं, सुटले. पण त्यांनी त्याचा अर्थ लावला — दारूनं झालं. मी तोही खोडला नाही. का? आता कशाची भीती होती? लग्नाला तर दहा वर्षं झाली होती.

गेल्या भाऊबीजेला दादा नांदेडला आला. अजूनही शिकवण्या घेतो, खुर्चीत बसून. पोरं फळा पुसून देतात. मी ओवाळलं, पानं वाढली. माझे धाकटे दीर हल्ली पिऊन घरी येतात. नवरा त्यांना दादासमोरच म्हणाला, "सोड ती दारू. मास्तरांचं काय झालं, बघायलास ना?"

मी पुरणपोळीवर तूप वाढत होते. दादानं माझ्याकडं पाहिलंही नाही. हसून दिरांना म्हणाला, "ऐका. दाजी बरोबर बोलायलेत."

मी तुपाची वाटी घेऊन पुढच्या पानाकडं वळले.