मी न प्यायलेलं पाणी

त्या ॲपने मला फसवलं. मी त्याला नाही.

हे आधीच सांगतो, कारण घरचे उलटं सांगतात. मी साखरा गावचा, बैलांचा व्यापारी. बैलाचे दात बघून वय सांगतो. भुताखेताचं कुणी काढलं की मी उठून जातो... अजूनही.

किडन्या गेल्यापासून हिंगोलीला डायलिसिस चालू आहे. पाणी मोजून प्यायचं. थोडं वाढवून द्या म्हणून सिस्टरशी घासाघीस केली, तर म्हणाली, "काका, हा बैलबाजार न्हाई." तिनेच मोबाईलमध्ये ॲप टाकून दिलं — ग्लास घेतला की नोंद करायची, नोंद झाली की फोन वाजायचा.

काही दिवसांनी मी न केलेल्या नोंदी दिसू लागल्या. फोनला हात लावते म्हणून सुनेवर ओरडलो. ॲप बिघडलं म्हणून सोडून दिलं असतं, पण डायलिसिसआधी काट्यावर उभा राहिलो तर वजन बराबर त्या नोंदींतल्या पाण्याएवढंच वाढलेलं. बायकोने स्वयंपाकघराला कुलूप लावलं. इकडे जीभ टाळूला चिकटलेली, आणि तिकडे मशीन माझ्या अंगातून पाणी काढतंय — जे मी प्यायलोच नव्हतो.

मग एका दुपारी मीच बायकोला म्हणालो, मला खोलीत कोंड आणि फोन तुझ्याजवळ ठेव. तिने बाहेरून कडी घातली. खोलीत बाज आणि पंखा, दुसरं काही नाही. ओठ सोलून निघत होते. बाहेर फोन वाजला. थोड्या वेळाने पुन्हा.

कडी निघाली. ती फोन अंगापासून लांब धरून उभी होती.

"तुमी पाणी पिलात?"

"कुठून पिऊ? भिंतीतून?"

"मग हे काहून येऊन राहिलं? म्या तर हात लावला न्हाई."

दुसऱ्या दिवशी तिच्यासमोर वजन केलं. वाढलेलंच.

ॲप काढून टाकलं, फोन बदलला. वजन वाढायचं थांबलं नाही. ॲपवाले म्हणतात, नोंदी तुमच्याच फोनवरून झाल्या. डॉक्टर म्हणतात, घरातलं कुणीतरी चोरून देतंय. बायको आता ग्लास हातात देत नाही. उंबऱ्यावर ठेवून मागे सरकते. त्यात दोन घोट असतात. तेवढ्यावर दिवस काढायचा.

याचा उलगडा मला झालेला नाही. पण पाणी कुणीतरी प्यायलंय, आणि तहान माझ्या वाट्याला आलीय. जो प्यायला त्याने समोर यावं... आणि डायलिसिसच्या पुढच्या सुया त्यानेच टोचून घ्याव्यात.