दहाचा पाना

आमच्या सासऱ्यांच्या, म्हणजे मामाजींच्या, सदऱ्याच्या खिशात पेन नसायचं, दहा नंबरचा पाना असायचा. रोज संध्याकाळी मी कॉलेजातून परतले की ते ओट्यावरून उठायचे, गाडीचं बॉनेट उघडायचे आणि बॅटरीची एक वायर सोडून ठेवायचे. सकाळी मी निघायच्या आधी परत जोडायचे. रात्रभर बॅटरीला आराम पाहिजे म्हणे. सुनेलाही आराम लागतो, हे मात्र त्यांच्या कधी मनात आलं नाही.

अकोटच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, त्यांनी उभा जन्म इंजिनावर फोरमन म्हणून काढला होता. नुसता कान लावून बिघाड सांगायचे आणि बहुतेक वेळा बरोबर सांगायचे, हे कबूल केलंच पाहिजे. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "इंजन लबाडी करत नाही, माणूस करते." दूधवाल्याला हेच, व्याह्यांना हेच, पोटच्या पोराला हेच. माझ्या नवऱ्यानं, सुनीलनं, लहानपणी ते इतक्यांदा ऐकलं होतं की चाळिशीतही वडिलांसमोर खरं बोलताना तो चाचरायचा.

मी रोज अकोटहून जाऊन अकोल्याला ज्युनिअर कॉलेजात शिकवते. गाडी आम्हा दोघांच्या कमाईची, पण कागदावर नाव मामाजींचं. एका वर्षी दिवाळीच्या तोंडावर ती परतीच्या वाटेवर अडखळायला लागली. रोज नाही, मधूनच. वाटेतलं चोहोट्टा बाजार गाव मागे पडलं, रस्ता खराब लागला की अॅक्सिलरेटर दाबूनही गाडी जागीच गुदमरायची. समोर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागायचा आणि मागून कापसाचा ट्रक हॉर्न मारत अंगावर यायचा. मिनिटभरात गाडी पुन्हा ठीक, दिवा मात्र घरापर्यंत तसाच. एकदा ट्रक इतका घासून गेला की मी गाडी कडेला घेतली आणि रडले.

घरी येऊन म्हटलं, "मामाजी, दिवा लागलाय. बघा तरी."

"दिवा काय पायतं? देवापुढंही लागते," म्हणाले, आणि पाना काढून वायर सोडली. सकाळी शेजारच्या काकांना बाजूला बसवून चौकातून फेरी मारून आले. दिवा नव्हता, गाडी लोण्यासारखी. गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं, "गाडीत काहीच नाही. आमच्या मॅडमच्या पायात दोष हाय."

मी अकोल्याच्या मेकॅनिककडे गाडी नेली. त्यानं आपलं मशीन जोडलं. त्यात एकही दोष नोंदलेला नव्हता. मूर्खासारखं मी ते घरी सांगून बसले. झालं. मामाजींनी माझ्या आईला अमरावतीला फोन लावला, माझ्यासमोर. "तुमच्या पोरीले गाडी देल्ली, तं थे इंजनालेच खोटं पाडून राहिली. बसनं जाईन आता थे." फोन ठेवला आणि गाडीची किल्ली कमरेच्या करदोट्याला बांधली. सुनील ताटातली भाजी निवडत बसला.

मग हिवाळाभर मी एसटीनं गेले, बहुतेक वेळा उभ्यानं. मामाजी ओट्यावरून विचारायचे, "काहो मॅडम, बसमंदी दिवा नाही ना लागला?" किल्ली मला हवीच होती. पण त्याहून जास्त हवं होतं ते त्यांच्या तोंडून एकदा, की ही खोटं बोलत नव्हती.

होळीनंतर मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते अमरावतीला माझ्या नणंदेकडे गेले. करदोटा, किल्ली, पाना, सगळं घेऊन. ते गेल्यावर सासूबाईंनी तुरीच्या डाळीच्या डब्यात हात घातला आणि दुसरी किल्ली काढली. "ने. मले काही इचारू नको." ती किल्ली हिवाळाभर तिथे होती.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी दिवा लागला. सकाळी मी किल्ली फिरवली, आणि दिवा तसाच. रात्री बॅटरी कोणी सोडलीच नव्हती. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी गाडीत एकटी बसून मामाजींना अशी शिवी दिली, जी मला येते हे मलाही माहीत नव्हतं. रोज बॅटरी सुटली की गाडीत साठलेली बिघाडाची नोंद पुसली जायची. मेकॅनिकच्या मशीनला दिसणार तरी काय?

या वेळी मशीननं नेमकी जागा दाखवली. इंजिनाजवळची एक वायर उंदरानं कुरतडली होती. खड्ड्यात हादरा बसला की तिचा संपर्क तुटायचा. शेजारीच सरकीच्या ढेपेचा, म्हणजे पेंडीचा, चुरा पडला होता. ढेपेची पोती मामाजी आपल्या म्हशीसाठी ठेवायचे, गाडी उभी राहायची त्याच शेडमध्ये.

ते काळा चष्मा लावून परतले. मी बदललेल्या वायरचा तुकडा चहाच्या बशीत ठेवून पुढे केला आणि सगळं सांगितलं. त्यांनी तो बोटांनी चाचपला. "उंदीर कोणाच्या घरी नसते?" म्हणाले. आठ दिवसांत गाडी अंजनगावच्या एका व्यापाऱ्याला विकून टाकली. मी विचारलं, कावून? तर शांतपणे म्हणाले, "आता नीट झाली म्हणून. बिघडलेली कोण घेते?"

पुढे मी माझ्या नावावर गाडी घेतली आणि रस्त्यावर उभी करू लागले. मामाजी तिच्यात कधी बसले नाहीत. फक्त एकदा, गेल्या उन्हाळ्यात, दम लागून ओठ निळे पडले तेव्हा. सुनील गावात नव्हता. मी त्यांना पुढच्या सीटवर बसवलं आणि अकोल्याकडे निघाले. वेशीबाहेर पडताच त्यांनी बोट पुढे केलं. "पाय. तुह्याही गाडीत दिवा लागून राहिला." त्या अवस्थेतही त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

"तो तुमच्या पट्ट्याचा आहे, मामाजी. तुम्ही पट्टा लावला नाही."

गाडी थांबवून मी पट्टा ओढून लावला. दिवा विझला. ते दिव्याच्या जागेकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. "इंजन लबाडी करत नाही," म्हणाले. "माणूस करते" हे पुढचे दोन शब्द, जे या वेळी त्यांनाच लागू होते, आले नाहीत. दम नव्हता की मन नव्हतं, कोण जाणे. अकोल्याहून ते परत आले नाहीत.

दवाखान्यातून त्यांचा सदरा मिळाला, खिशात पाना तसाच. सासूबाई म्हणाल्या, "ठेव तुह्यापाशी." मी नाही ठेवला. तेराव्याला लोक सांगत होते, फार जाणता माणूस, इंजिनाचं काळीज ओळखायचा. मी सगळ्यांना वाढत होते. वाईट मलाही वाटलं, नाही असं नाही. पण त्यांच्या जाण्यापेक्षा त्या न बोललेल्या दोन शब्दांचं जास्त वाटलं. ते माझे होते, आणि जाताना तेवढेही त्यांनी मला दिले नाहीत.