कूलरशिवायचा दवाखाना

भर मे महिन्यात यवतमाळ जिल्ह्यात पाहुणा म्हणून जाणारा माणूस एकतर तिथला जावई असतो, नाहीतर अर्धवट. मी जावई नाही. मी पुण्याचा आर्किटेक्ट, वय बावन्न, आजवर बंगले आणि एक मंगल कार्यालय बांधलेला. दारव्ह्याजवळच्या एका गावात नवा दवाखाना व्हायचा होता, कमी विजेत आणि कमी पाण्यात चालणारा. त्याचा आराखडा मी काढला होता आणि तो गावच्या समितीला पटवायला निघालो होतो. हातात पुठ्ठ्याचं मॉडेल होतं आणि डोक्यात हवा.

यवतमाळला सकाळी उतरून तर्री-पोहे (पोह्यांवर लालभडक झणझणीत रस्सा) खाल्ले आणि नाकाडोळ्यांतून पाणी वाहत असतानाच दारव्ह्याच्या जीपमध्ये शिरलो. लोहाऱ्याचे कारखाने मागे पडले, तसा दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेला काळा मुलूख सुरू झाला. आठ वाजले नव्हते, तरी वारा तोंडावर तव्याची वाफ आल्यासारखा येत होता. जीपमध्ये एकाच घरची नऊ माणसं होती आणि टपावर एक भलामोठा पत्र्याचा कूलर दोरीनं बांधलेला.

"कूलर विकायला चालवलाय का?" मी शेजारच्या बाईंना विचारलं.

"कायले विकाव?" त्या म्हणाल्या. त्यांचं नाव वच्छलाबाई. "आमची मामी भरती हाये दवाखान्यात. तिले पाह्याले चाल्लो."

"मग दवाखान्यात कूलर नाही?"

"हाय ना. पन आपलं मानूस पडलं, तं आपला कूलर नाई न्याव का, भाऊ?"

कूलरला नऊ माणसं कशाला लागतात, हे विचारायचा धीर झाला नाही.

त्यांची मामी होती त्याच, गावच्या जुन्या दवाखान्यात मला जायचं होतं. बारा खाटा, आठ खिडक्या आणि प्रत्येक खिडकीत एक कूलर. निळे, हिरवे, गंजके, एकावर तर लग्नातल्या आहेराची चिठ्ठी अजून चिकटलेली. दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरबाई साठीच्या, बारीक चणीच्या आणि मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी मला सरळ बाळंतिणींच्या खोलीत नेलं.

"लाइन गेली (म्हणजे वीज), का ही खोली भट्टी होते," त्या म्हणाल्या. "मग मी अडलेल्या बाईले जीपमध्ये घालून यवतमाळले पाठवते. मागच्या उन्हाळ्यात एकीचं रस्त्यातच झालं. दोघंही वाचले, पन नशिबानं. आता समितीपुढं दुसरा आराखडा आला हाये, सगळा काचेचा, बंद, एसीवाला. लोकायले तोच आवडून राह्यला. लाइन गेल्यावर त्या काचेत काय होईन, ते तुमीच समजावा."

मी छाती पुढे काढून म्हणालो, "तुम्ही काळजीच करू नका." हे वाक्य मी जेव्हा जेव्हा म्हणालो आहे, तेव्हा तेव्हा काळजीचं कारण मीच ठरलो आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नियोजित जागेवर कडुनिंबाखाली समिती बसली. अध्यक्ष दादाराव, निवृत्त मास्तर, बोलण्यापूर्वी चष्मा पुसणारे. त्यांच्या शेजारी रफिकभाई, पंचक्रोशीतले सगळे कूलर आणि मोटारी दुरुस्त करणारे. मी मॉडेल उघडलं. जाड भिंती, मधे अंगण, खाली खिडक्या, वर झरोके. थंड हवा खालून आत येणार, गरम वरून बाहेर जाणार. माना डोलत होत्या. रफिकभाईंनी मात्र मॉडेलभोवती दोन चकरा मारल्या.

"साब, कूलर कौनसी खिडकी में बैठेगा?"

"लागणारच नाही," मी म्हणालो.

दवाखान्याला छप्परच नाही असं सांगितल्यासारखे सगळे माझ्याकडे पाहू लागले. दादारावांनी चष्मा पुसला. "तुमी बसून दाखवा मंग."

त्या जागेवर कापसाचं एक जुनं गोदाम आहे. दोन हात जाड भिंती, छताशी झरोके. ते न पाडता मी त्यातच बाळंतिणींचा कक्ष बसवला होता. तिथे बारा ते चार, कूलरशिवाय, पंख्याशिवाय बसायचं ठरलं. सोबत साक्षीदार म्हणून दादाराव आणि रफिकभाई. डॉक्टरबाईंनी मला ऊन लागू नये म्हणून डोक्याला बांधायला दुपट्टा आणि खिशात ठेवायला एक कांदा दिला. मी विज्ञानाचा माणूस, म्हणून कांदा परत केला. दुपट्टा पुणेरी डोक्याला शोभत नाही, म्हणून तोही.

आणि मग, बसण्याआधी सावलीची मापं घ्यावीत, अशी दुर्बुद्धी मला सुचली. साडेअकरा ते बारा मी उघड्या डोक्यानं गोदामाच्या पश्चिमेच्या भिंतीला टेप लावत फिरलो.

आत खरोखर बरं होतं. दादाराव वर्तमानपत्र वाचत होते, रफिकभाई तर घोरायला लागले. दीडच्या सुमाराला भिंती हळूहळू जवळ येऊ लागल्या. दादाराव सांगतात की मी उभा राहिलो, "खेळती हवा!" असं मोठ्यानं म्हणालो आणि आडवा झालो.

इमारत पास झाली होती, आर्किटेक्ट नापास. पण गावाला एवढा फरक कोण समजावणार? संध्याकाळपर्यंत सगळीकडे एकच बातमी होती, बिनकूलरवाला इंजिनेर पडला.

शुद्धीवर आलो तेव्हा हाताला सलाइन होतं आणि उशाशी वच्छलाबाई. "तुमचं इथं कोनी नाई ना," त्या म्हणाल्या. मामीचा कूलर त्यांनी ढकलत ढकलत माझ्या खाटेकडे वळवला होता. एक बाई त्यात तांब्यानं पाणी ओतत होती, दुसरी माझ्या कपाळावर ओली पट्टी बदलत होती, आणि बाकीची माणसं मी मरतो की काय हे पाहत होती. सगळ्यांसमोर मला रडू आलं. अशक्तपणानं, असं मी सांगितलं.

तेवढ्यात लाइन गेली.

सगळेच कूलर एकदम थांबले. खिडक्यांत पत्र्याच्या पेट्या गच्च बसलेल्या, वारा यायला बोटभर फट नाही. पाच मिनिटांत श्वास कोंडला. पलीकडच्या खोलीतून कळा देणाऱ्या एका बाईचं कण्हणं ऐकू येऊ लागलं. डॉक्टरबाई जीप बोलवायला धावल्या.

"कूलर काढा खिडक्यांतले!" मी ओरडलो. माझ्या डोक्याची अवस्था पाहता कुणी हललं नाही. पण मला पाहायला आलेल्या रफिकभाईंनी बाळंतिणींच्या खोलीतले दोन्ही कूलर उपसून बाहेर काढले. वारा आला, पण रखरखीत. मग त्यांनी कूलरची ताटी (गवताची जाळी) काढली, पाण्यात बुडवली आणि खिडकीला टांगली. त्या बाईची सासू ताटीवर तांब्यानं पाणी ओतत उभी राहिली. आत गारवा आला. जीप दारात येऊन उभी होती, ती तासाभरानं रिकामी परत गेली. मुलगी झाली.

मी सलाइनच्या हातानंच केसपेपरच्या पाठीवर रेघोट्या मारायला घेतल्या. वारा कुठून येतो, ऊन कुठे पडतं, हे मला पाठ होतं. पण आपलं माणूस पडलेलं असताना घरच्यांनी हात बांधून बसायचं कसं, हा विचार मी केलाच नव्हता. त्यांचा कूलर मी काढून घेत होतो आणि बदल्यात हातात काही देत नव्हतो.

सकाळी समितीपुढे तोच केसपेपर ठेवला. दवाखान्याच्या पश्चिमेला लांब ओसरी, पेशंटच्या माणसांना बसायला, भाकरी खायला. ओसरीला वाळ्याच्या ताट्यांची भिंत. त्यावर छतावरून साठवलेलं पावसाचं पाणी घरच्यांनीच ओतायचं. लाइन असो वा नसो.

"मेरा धंदा बिठा दिया आपने," रफिकभाई म्हणाले, आणि लगेच, "ताट्यायच्या चौकटी मीच बनवीन. दुसऱ्याले द्याच्या नाई."

दादारावांनी चष्मा पुसला. "एका पेशंटमागं मानसं किती धरले?"

"दहा."

"हां. आता हा दवाखाना आपला वाटून राह्यला. बांधा."

डॉक्टरबाई मला बसपर्यंत सोडायला आल्या. या खेपेला मी मुकाट्यानं दुपट्टा बांधला होता. बावन्न वर्षांच्या आयुष्यात मी बऱ्याच लोकांना सल्ला दिला, पण या गावानं मला जेवढं सांभाळलं, तेवढं मी कुठल्याच घराला सांभाळलेलं नाही. हे मी त्यांना बोलून दाखवलं. त्यांचं लक्ष नव्हतं. त्या गोदामाच्या दिशेनं पाहत बोटांवर महिने मोजत होत्या.

"एक बाई हाये," त्या म्हणाल्या. "लेकरासाठी माझं औषध चालू हाये तिले. पावसाळ्यात दिवस राह्यले, तं पुढच्या वैशाखात भरतीन. बाळंतपनाले यवतमाळले जा लागन, असं तिले मी अजून सांगितलं नाई. नको ना सांगू?"

"नका सांगू," मी म्हणालो. काळजी करू नका, असं या वेळी म्हणालो नाही. बस सुटल्यावर मात्र मीच करायला लागलो.